कोळसा जळतो तेव्हाही वस्तुमान कमी होतं का?

बेटा, तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे वाचणाऱ्या बाकी पोरांनाही कळेल. तू म्हणतेस, नववीत द्रव्य अक्षय्यतेचा नियम शिकलो की रासायनिक अभिक्रियेत वजन जेवढंच्या तेवढं राहतं. मग बारावीत ई इज इक्वल टू एमसी स्क्वेअर आलं (ई म्हणजे ऊर्जा, एम वस्तुमान, सी प्रकाशाचा वेग), तिथे वस्तुमानाची ऊर्जा होते म्हणतात, पण क्लासमध्ये सांगितलं की ते फक्त अणुबॉम्ब आणि अणुभट्टीपुरतं आहे. तुझे बाबा चंद्रपूरच्या थर्मलमध्ये, म्हणजे औष्णिक वीज केंद्रात कामाला, तिथे रोज डोळ्यासमोर रॅकच्या रॅक (मालगाड्याच्या मालगाड्या) कोळसा रिकामा होतो आणि जळून जातो, तर त्याला हे सूत्र काहून लागू नाही असं तुला वाटलं, आणि लागू असेल तर नववीचा नियम खोटा का.

सूत्र कोळशालाही लागू आहे. युरेनियमला लागू आहे तेवढंच, काडीचाही फरक नाही. कोळसा जळून त्याची उष्णता बाहेर गेली की राख, धूर, वायू सगळं मिळून जे उरतं ते आधीच्या कोळसा आणि ऑक्सिजनपेक्षा हलकं असतं. किती हलकं, ते काढू आपण, कारण हा विषय आकड्यांशिवाय समजतच नाही, नुसतं बोलत राहिलं की हवेत राहतो.

तुमच्याकडचा ५०० मेगावॅटचा एक सेट, म्हणजे वीज तयार करणारा एक संच घे (चंद्रपूरला एकूण २९२० मेगावॅट आहे, त्यात असे पाच). तो फुल लोडवर २४ तास चालला तर १ कोटी २० लाख युनिट वीज देतो. पण कोळशातली सगळी उष्णता विजेत जात नाही हे बाबांना विचार, साधारण ३५ टक्केच जाते, बाकीची कूलिंग टॉवर आणि चिमणीतून निघून जाते. म्हणजे बॉयलरमध्ये दिवसभरात सुमारे १.२ गुणिले १० चा १४ वा घात एवढे ज्यूल उष्णता तयार झाली. आपल्या कोळशाचा उष्मांक किलोला ४००० किलोकॅलरीच्या आसपास धरला तर यासाठी सात हजार टनाच्या वर कोळसा लागतो, जवळपास दोन रॅक. आता या उष्णतेला सी स्क्वेअरने भाग, म्हणजे ९ वर १६ शून्यं. उत्तर येतं सुमारे १.४ ग्रॅम. सात हजार टन कोळसा जळाला, त्याच्यासोबत हवेतला हजारो टन ऑक्सिजन लागला, आणि या सगळ्यातून वस्तुमान कमी झालं ते दीड ग्रॅमही नाही.

म्हणूनच नववीचा नियम टिकून आहे. एक किलो कोळशामागे घट होते एका मायक्रोग्रॅमच्या पाचव्या हिश्शाएवढी, एकूण मालाच्या हिशोबात दहा अब्जांत एक भाग. हा नियम मांडणाऱ्या लॅव्होझिएचा तराजू सोड, आजच्या कॉलेजच्या लॅबमधला चांगल्यातला चांगला डिजिटल बॅलन्सही ते दाखवू शकत नाही. रसायनशास्त्राला तो नियम पुरतो, उद्या बीएस्सीलाही पुरेल, फक्त तो अगदी शेवटच्या दशांशापर्यंत खरा नाही एवढं लक्षात ठेव.

आता याच आकड्याकडे अजून एकदा बघ, कारण मला वाटतं इथेच पोरांच्या डोक्यातला गोंधळ सुटतो. हिरोशिमावरचा बॉम्ब सुमारे १५ किलोटनाचा, म्हणजे १५ हजार टन टीएनटी स्फोटकाएवढ्या ताकदीचा होता. त्याची ऊर्जा सी स्क्वेअरने भागली तर वस्तुमानातली घट येते सुमारे ०.७ ग्रॅम. म्हणजे तुमच्या थर्मलचा एक सेट एका दिवसात जेवढं वस्तुमान घालवतो ते त्या बॉम्बच्या जवळपास दुप्पट आहे! बॉम्बने ते सेकंदाच्या लाखाव्या भागापेक्षाही कमी वेळात आणि एक किलोपेक्षा कमी युरेनियमच्या फुटण्यातून केलं, थर्मल ते २४ तासांत आणि सात हजार टनांतून करतं. फरक वेळेचा आणि मालाचा आहे. सूत्र दोन्हीकडे एकच, हिशोबही एकच.

मग हे सूत्र अणूपुरतंच असं लोकांच्या डोक्यात कुठून बसलं? बॉम्बमुळेच बसलं. १९४५ नंतर पेपरांत, मासिकांत, सगळीकडे आइन्स्टाइनचं सूत्र आणि ते मशरूमसारखं धुराचं ढग एकत्र छापून यायला लागलं आणि तेच पुढे पाठ्यपुस्तकांच्या सांगण्यात उतरलं. पण तारखा बघ ना. आइन्स्टाइनने हे मांडलं १९०५ साली, बर्नच्या पेटंट ऑफिसात नोकरी करत असताना, तीन पानांच्या छोट्या लेखात. अणूला केंद्रक असतं हे रुदरफर्डने दाखवलं १९११ ला. न्यूट्रॉन सापडला १९३२ ला. युरेनियम फुटतं हे हान आणि श्ट्रासमान यांना कळलं १९३८ च्या अखेरीस. ज्या माणसाने सूत्र लिहिलं त्याला त्यावेळी केंद्रक माहीतच नव्हतं, मग ते सूत्र केंद्रकापुरतं कसं असेल? त्याने विचार केला होता तो एका साध्या वस्तूचा, जी दोन विरुद्ध दिशांना सारखाच प्रकाश सोडते, आणि त्यातून काढलं की प्रकाश सोडला की वस्तूचं वस्तुमान तेवढ्या हिशोबाने घटलंच पाहिजे. लेखाच्या शेवटी तो सगळ्याच वस्तूंबद्दल बोलतो, की वस्तूचं वस्तुमान हे तिच्यात असलेल्या ऊर्जेचं माप आहे. रेडियमच्या क्षारांवर हे तपासता येईल असंही त्याने सुचवलं, कारण तिथे घट मोजण्याइतकी असू शकते असा त्याचा अंदाज.

वस्तुमान हे ऊर्जेचं माप, हे त्याचं वाक्य नीट डोक्यात घे. वस्तुमान म्हणजे वस्तू एका जागी शांत असताना तिच्यात जेवढी ऊर्जा आहे त्याचं माप. त्यामुळे ‘वस्तुमानाचं ऊर्जेत रूपांतर’ असं जे आपण म्हणतो त्यातून चुकीचं चित्र उभं राहतं, जणू काही कण गायब झाले आणि त्यांच्या जागी आग आली. कोळशात काय होतं? कार्बनचा एकही अणू कमी होत नाही, ऑक्सिजनचा होत नाही, इलेक्ट्रॉन सगळे हजर. फक्त मांडणी बदलली आणि नवीन मांडणीत ऊर्जा कमी आहे, जास्तीची उष्णता होऊन बाहेर गेली आणि जाताना आपलं वस्तुमान सोबत घेऊन गेली. हेच जर तू एका पूर्ण बंद पेटीत केलंस, ज्यातून उष्णता, उजेड काहीच बाहेर जात नाही, तर आत कोळसा जळून खाक झाला तरी पेटीचं वजन तेवढंच राहणार, तसूभरही कमी नाही. आतली हवा तापली आहे ना, ती तापलेली हवा तेवढी जड झाली. पेटी थंड होऊ दिली की मग हलकी होईल.

युरेनियममध्येही बिलकुल तसंच आहे, आणि हे आकड्यात दाखवतो कारण परीक्षेत पण येतं. युरेनियम २३५ ला एक न्यूट्रॉन लागला आणि त्याचे बेरियम १४१ आणि क्रिप्टॉन ९२ असे दोन तुकडे झाले, सोबत तीन न्यूट्रॉन सुटले. मोज. आधी २३५ अधिक १, २३६. नंतर १४१ अधिक ९२ अधिक ३, परत २३६. प्रोटॉन आधी ९२, नंतर ५६ आणि ३६, परत ९२. एकही कण हरवला नाही! पण वस्तुमान बघ: आधी २३६.०५२६ एएमयू (अणूंचं वस्तुमान मोजायचं एकक), नंतर २३५.८६६६ एएमयू. फरक ०.१८६० एएमयू. एका एएमयूला ९३१.५ एमईव्ही (एक एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट, ऊर्जेचं एकक), म्हणजे सुमारे १७३ एमईव्ही लगेच सुटले, आणि पुढे हे तुकडे स्वतः किरणोत्सर्गी असतात त्यांचं धरलं की २०० च्या आसपास जातं. कण सगळे हजर, तरी वजन कमी, कारण नव्या मांडणीत ते जास्त घट्ट बांधलेले आहेत.

घट्ट बांधलेलं म्हणजे हलकं कसं हे पोरांना उलटं वाटतं. विहिरीचं उदाहरण घे. काठावरचा गोटा विहिरीत पडला की आवाज होतो, पाणी उसळतं, थोडं तापतं, ऊर्जा बाहेर निघून जाते. आता तो गोटा परत वर आणायचा तर दोर लावून ओढावा लागेल, ऊर्जा आपल्याला भरावी लागेल. खोल विहीर, तर जास्त भरावी लागेल. केंद्रकातले कण असेच खोल पडलेले आहेत, पडताना जी ऊर्जा गेली तिच्यासोबत वस्तुमान गेलं, म्हणून सुटे कण जड आणि बांधलेलं केंद्रक हलकं. तो जो फरक, त्याला आपण मास डिफेक्ट म्हणतो.

मग कोळसा आणि युरेनियम यात एवढा फरक काहून, तर विहिरीच्या खोलीचा. कार्बनचा एक अणू जळला की मिळतात सुमारे ४ इलेक्ट्रॉन व्होल्ट. युरेनियमचं एक केंद्रक फुटलं की मिळतात सुमारे २० कोटी. पाच कोटी पट! कोळशात खेळ चालतो तो अणूच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनचा, तिथलं विद्युत बल अणूच्या अंतराच्या मानाने सौम्य असतं. केंद्रकात कण एकमेकांना हजारो पट जवळ, आणि तिथे त्यांना बांधून ठेवणारा स्ट्राँग न्यूक्लिअर फोर्स आहे. किलोच्या हिशोबात बोलायचं तर एक किलो युरेनियम २३५ पूर्ण फुटलं तर सुमारे ०.९ ग्रॅम वस्तुमान जातं, आणि तेवढीच उष्णता आपल्या कोळशातून काढायची तर पाच हजार टनाच्या जवळपास जाळावा लागतो. लक्षात घे, युरेनियममध्येसुद्धा घट हजारात एक भागापेक्षा कमीच आहे, बाकी ९९.९ टक्के वस्तुमान तसंच पडून राहतं.

इथे एक प्रश्न दरवर्षी कोणी ना कोणी विचारतंच, की सर एक ग्रॅम म्हणजे अडीच कोटी युनिट ना, मग एक ग्रॅम मातीतून काहून नाही काढत? हिशोब त्यांचा बरोबर असतो. अडीच कोटी युनिट म्हणजे वावरातली ५ एचपीची मोटर रोज ८ तास चालवली, दिवसाला ३० युनिट धरले, तर दोन हजार वर्षांच्या वर चालेल. पण मातीतले प्रोटॉन आणि न्यूट्रॉन नाहीसे करता येत नाहीत. त्यांची एकूण संख्या कायम राहते, आजपर्यंत एकाही प्रयोगात प्रोटॉन आपोआप मोडलेला दिसलेला नाही. आपल्याला फक्त मांडणी बदलता येते, आणि तीही दोनच बाजूंनी फायद्याची आहे: हायड्रोजनसारखी हलकी केंद्रकं जोडली तर किंवा युरेनियमसारखी जड फोडली तर. मधे लोखंड आणि निकेल बसले आहेत, विहिरीच्या तळाशी, त्यांच्यातून ना जोडून काही मिळत ना फोडून. व्हॉट्सॲपवर दगडातून गावभर वीज असं काही फिरत असेल तर याच कारणाने ते खोटं आहे, कृपा करून पुढे पाठवू नका, आपल्याकडे अशा गोष्टींवर पैसे लावणारे भोळे लोक आहेत.

पूर्णच्या पूर्ण वस्तुमान ऊर्जा होऊन जातं असं एक ठिकाण मात्र आहे आणि ते नागपूरला आहे. पेट स्कॅन. आपल्या गावातून कॅन्सरचे कितीतरी पेशंट त्यासाठी जातात. पेशंटला फ्लोरिन १८ लावलेली एक प्रकारची साखर टोचतात, त्यातून पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनएवढाच, पण धन भाराचा कण) बाहेर पडतो, तो शरीरातल्या इलेक्ट्रॉनला भेटला की दोघंही संपतात, काहीच उरत नाही, आणि दोन गॅमा किरण अगदी विरुद्ध दिशांना निघतात. प्रत्येकाची ऊर्जा ५११ किलो इलेक्ट्रॉन व्होल्ट. आता इलेक्ट्रॉनचं वस्तुमान घे, सी स्क्वेअरने गुण, ५११ च येतं. मशिनचा गोल कडा याच ऊर्जेच्या जोड्या एकाच वेळी दोन बाजूंना पकडतो आणि कॉम्प्युटर मधली रेघ काढतो, अशा लाखो रेघांतून गाठ कुठे आहे ते दिसतं. हे सूत्र रोज आपल्या माणसांच्या कामी येतंय, ही गोष्ट मला वर्गात सांगायला फार आवडते.

तरी कोणी म्हणेल मोजून कोणी पाहिलं का? पाहिलं. १९३२ मध्ये कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी लिथियमवर प्रोटॉन मारले, दोन हेलियम केंद्रकं सुटली, त्यांची ऊर्जा मोजली ती सुमारे १७ एमईव्ही, आणि आधी-नंतरच्या वस्तुमानातला फरक मांडला तर तेवढीच. पुढे २००५ मध्ये गंधक आणि सिलिकॉनच्या केंद्रकात एकेक न्यूट्रॉन घालून अमेरिकेत वस्तुमान आणि फ्रान्समध्ये गॅमा किरणांची ऊर्जा वेगवेगळी मोजली, दोन्ही एक कोटीत चार भाग इतक्या बारकाईने जुळल्या.

आता सूर्य. तो सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचं हेलियम करतो आणि त्यातलं ०.७ टक्के, म्हणजे ४२ लाख टनांच्या आसपास, प्रत्येक सेकंदाला उजेड होऊन निघून जातं. ऐकून घाबरू नको, एवढं करूनही ४६० कोटी वर्षांत या मार्गाने त्याचं वस्तुमान हजारात एक भागही कमी झालेलं नाही. त्यातलं आपल्या पूर्ण पृथ्वीवर येतं ते सेकंदाला दोन किलोच्या आत. आणि आपल्या वावरापर्यंत आणायचं तर असं बघ: एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे एक चौरस मीटरवर दिवसाला साधारण ६ युनिट ऊन पडतं. एका एकरात चार हजार चौरस मीटर, म्हणजे २४ हजार युनिट. एका युनिटचं वस्तुमान ०.०४ मायक्रोग्रॅम. गुणाकार कर. एका एकरावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत जे ऊन पडतं, नवतप्यात ज्याने माणूस वावरात उभा राहू शकत नाही, त्या सगळ्या उन्हाचं वस्तुमान येतं एक मिलिग्रॅम. यातलं बहुतेक रात्रीपर्यंत उष्णता होऊन परत आभाळात जातं, आणि पावसाळ्यात पऱ्हाटी, तूर उभी असते तेव्हा त्यातला अगदी थोडा भाग पिकात बांधून राहतो. दगडी कोळसा म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांनी असंच बांधून ठेवलेलं ऊन, आणि थर्मलच्या एका सेटमधून रोज जे १.४ ग्रॅम जातं ते त्या उन्हाचं आहे.

तू शेवटी विचारलं होतं की वेगाने वस्तुमान वाढतं ते काय. जुन्या पुस्तकांत तसं असायचं, आता भौतिकशास्त्रात काम करणारे लोक वस्तुमान म्हणजे फक्त स्थिर वस्तुमान धरतात, वेगाने ऊर्जा आणि संवेग (मोमेंटम) वाढतात असं म्हणतात. पूर्ण सूत्र असं: ऊर्जेचा वर्ग बरोबर संवेग गुणिले सी याचा वर्ग, अधिक एमसी स्क्वेअरचा वर्ग. वस्तू स्थिर असेल तर संवेग शून्य आणि आपलं ओळखीचं सूत्र उरतं. प्रकाशाला वस्तुमान शून्य, तर ऊर्जा फक्त संवेगातून. बीएस्सीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला हे येईल तेव्हा जुना प्रकार डोक्यातून काढून टाक, लय सोपं जाईल.

आणि एक गोष्ट, जी मला अजूनही सगळ्यात जास्त थक्क करते. प्रोटॉनमध्ये क्वार्क नावाचे तीन आणखी बारके कण असतात. प्रोटॉनची स्थिर ऊर्जा ९३८ एमईव्ही, आणि त्या तीन क्वार्कची स्वतःची वस्तुमानं मिळवली तर ९ च्या आसपास येतात, एक टक्का. बाकीचं कुठून आलं? आतल्या क्वार्कच्या धावपळीची आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या ग्लुऑन क्षेत्राची ऊर्जा, तीच बाहेरून आपल्याला वस्तुमान म्हणून दिसते. न्यूट्रॉनचंही तसंच. म्हणजे तराजूवर उभं राहिल्यावर जो काटा ५० किलो दाखवतो त्यातलं जवळपास सगळं ही कोंडलेली ऊर्जाच आहे. २०१२ मध्ये सर्नला (युरोपातली कणभौतिकीची प्रयोगशाळा) हिग्ज कण, म्हणजे मूलभूत कणांना वस्तुमान देणाऱ्या क्षेत्राचा कण सापडला तेव्हा सगळं वस्तुमान त्याच्यामुळे असं बातम्यांत आलं, पण आपल्या शरीरापुरतं बघितलं तर हिग्जचा वाटा त्या एका टक्क्याच्या आसपासचा.

पेपरचं सांगतो. पुस्तकात ‘वस्तुमानाचे ऊर्जेत रूपांतर’ असं असेल तर तसंच लिही, मार्क कटणार नाहीत. गणितात मात्र दोन गोष्टी सांभाळ. दिलेली वस्तुमानं अणूची आहेत की केंद्रकाची ते आधी वाच, अणूची असतील तर हेलियमसाठी दोन प्रोटॉनऐवजी दोन हायड्रोजन अणू धर म्हणजे इलेक्ट्रॉन आपोआप कटतात. आणि वजाबाकी करायच्या आधी आकडे राउंड ऑफ करू नको, चौथ्या दशांशापर्यंत तसेच ठेव, कारण सगळं उत्तर त्या शेवटच्या आकड्यांतच असतं आणि बहुतेक पोरांचं गणित तिथेच चुकतं. वरचं युरेनियमचं गणित वहीत स्वतः करून बघ, १७३ आलं नाही तर तुझी पायरी मला पाठव, कुठे अडलं ते बघू.